ऑफिसच्या लिनक्स मशीनवरचा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर सुरक्षितपणे कसा उघडावा?

तुम्ही लिहिलंय की गोकुळ शिरगावच्या युनिटमध्ये लिनक्सचं मशीन आहे, त्यावर फ्रीकॅड हा ड्रॉइंगचा प्रोग्राम चालतो, आणि घरी विंडोजचा लॅपटॉप आहे. मित्रानं सांगितलं म्हणून लॅपटॉपवर व्हीसीएक्सएसआरव्ही (लिनक्सच्या खिडक्या विंडोजवर दाखवणारा प्रोग्राम) टाकलं, त्यातल्या 'डिसेबल ॲक्सेस कंट्रोल'वर टिक केली आणि ऑफिसच्या मशीनवर 'डिस्प्ले' या सेटिंगमध्ये, म्हणजे खिडकी कुठं दाखवायची त्या जागी, लॅपटॉपचा आयपी लिहिला. ऑफिसच्या वायफायवर खिडकी झकास उघडली, घरी आल्यावर मात्र 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. आता घरच्या राउटरवर ६००० नंबरचा पोर्ट उघडला तर चालेल का, आणि गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं असल्यामुळं ते सुरक्षित राहील का, असं विचारलंय.

आधी ती टिक काढा, मग पुढचं वाचा. पोर्ट उघडला तर खिडकी कदाचित येईलही, पण दार फक्त तुमच्या ऑफिसच्या मशीनसाठी उघडं राहणार नाही. जो कुणी त्या पत्त्यावर येऊन ठोठावेल त्याला तुमचा लॅपटॉप आत घेईल, कारण ओळख विचारू नकोस असं तुम्हीच त्याला सांगून ठेवलंय.

मी कोल्हापुरातच राहते आणि शिरोली, उद्यमनगर इथल्या काही युनिटांची लिनक्स मशीनं सांभाळते. पॅटर्नची ड्रॉइंगं, कास्टिंगचं सिम्युलेशन, क्वालिटीचे रिपोर्ट, सगळं त्याच मशीनवर. त्यामुळं तुमची अडचण नेमकी कुठं आहे ते माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. सर्व्हर म्हटलं की आपल्याला लांब ठेवलेलं मोठं मशीन आठवतं. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये मात्र ज्याच्याकडं स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस आहे तो सर्व्हर, म्हणजे तुमचा लॅपटॉप. ऑफिसच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम हा क्लायंट. तो तुमच्या लॅपटॉपकडं येऊन मागतो: मला एवढी खिडकी दे, तिच्यात ही रेघ ओढ, इथं ही अक्षरं लिही, कुणी बटण दाबलं तर मला कळव.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नच्या कामात होते. मी लहान असताना त्यांना फोनवर ड्रॉइंग सांगताना ऐकलंय: "बारा एमएमचं भोक घे, सेंटरपासनं चाळीसवर. कडंला तीनचा रेडियस." पलीकडचा माणूस कागदावर पेन्सिलीनं काढत जायचा. कागद इकडून तिकडं गेलाच नाही, गेल्या त्या सूचना. एक्सचं मूळ काम अगदी असंच चालतं. आणि मधे कुणी त्या फोनला कान लावून बसला असता तर त्यालाही तेच ड्रॉइंग हुबेहूब काढता आलं असतं. तुमच्या मित्रानं सांगितलेल्या पद्धतीत सूचना उघड्यावरून जातात, आणि तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटणही उघड्यावरूनच परत जातं.

ही व्यवस्था एमआयटीत १९८४ साली सुरू झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. आजही आपण तीच वापरतो, म्हणून जिथं तिथं 'एक्स११' लिहिलेलं दिसतं. एका कॅम्पसच्या नेटवर्कवरचं काम डोळ्यांसमोर ठेवून ती घडली. तीच घडण आज घरच्या ब्रॉडबँडवर उघडी ठेवणं बरोबर नाही.

घरून का चालत नाही तेही आता लक्षात येईल. प्रोग्राम ऑफिसमध्ये सुरू होतो आणि तिथून तुमच्या लॅपटॉपकडं यायला निघतो. ऑफिसच्या वायफायवर दोघं एकाच घरात होते, म्हणून भेट झाली. घरी लॅपटॉप राउटरच्या मागं असतो आणि बाहेरून आलेल्या अनोळखी पाहुण्याला राउटर आत सोडत नाही. तो आपलं काम चोख करतोय, त्याला अडवू नका.

एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर कुलूपबंद वाटेनं लॉगिन करायची सोय, ही दिशाच उलटी करतं. तुम्ही घरून ऑफिसच्या मशीनवर जाता, आणि तुम्ही गेलात त्याच कुलूपबंद वाटेनं प्रोग्रामची खिडकी तुमच्याकडं परत येते. घरी एकही पोर्ट उघडावा लागत नाही. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं, तेही त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपल्यानंतर.

तुमच्या लॅपटॉपवर असं करा. व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू करताना डिस्प्ले नंबर ० द्या आणि ॲक्सेस कंट्रोलची टिक कोरी ठेवा. पहिल्यांदा विंडोजची फायरवॉल विचारेल की याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का, तेव्हा नाही म्हणा. आता या सर्व्हरशी बोलणार आहे ती लॅपटॉपवरचीच पुटी (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम), बाहेरचं कुणी नाही, त्यामुळं परवानगीची गरजच उरत नाही. मागं कधी हो म्हटलं असेल तर फायरवॉलच्या यादीत जाऊन ते काढून टाका. मग पुटीमध्ये कनेक्शन, त्याखाली एसएसएच, त्याखाली एक्स११ असं पान आहे. तिथं 'इनेबल एक्स११ फॉरवर्डिंग'वर टिक करा, डिस्प्लेच्या जागी लोकलहोस्ट:० लिहा आणि सेशन सेव्ह करा. एवढं जुळवायचा कंटाळा असेल तर मोबाएक्सटर्म घ्या, त्यात एक्स सर्व्हर आणि एसएसएच एकत्रच येतं. घरात लिनक्स असतं तर एसएसएच लिहून पुढं उणे चिन्ह आणि मोठा एक्स, एवढ्यावर भागलं असतं. मोठाच हवा, कारण छोटा एक्स हेच फॉरवर्डिंग बंद करतो.

ऑफिसच्या मशीनवर दोन गोष्टी लागतात. एसएसएचडी कॉन्फिग या एसएसएचच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक्स११फॉरवर्डिंगपुढं 'येस' असलं पाहिजे, आणि एक्सऑथ नावाचा छोटा प्रोग्राम तिथं बसवलेला पाहिजे. हा दुसरा नेहमी राहून जातो, विशेषतः डेस्कटॉप न टाकता बसवलेल्या मशीनवर. तो नसला की लॉगिन नीट होतं आणि खिडकी मात्र येत नाही, त्यामुळं माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

आणि तिसरी, जी तुमच्याकडं नक्की असणार: मित्रानं बॅशआरसी या टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये 'एक्सपोर्ट डिस्प्ले' अशी ओळ टाकून ठेवली असेल. ती पुसा. डिस्प्लेमध्ये काय लिहायचं ते एसएसएच स्वतः भरतं. तुमची जुनी ओळ त्यावर लिहिते आणि प्रोग्राम पुन्हा उघड्या रस्त्यानं तुमचा लॅपटॉप शोधायला निघतो.

आता लॉगिन करून 'इको $डिस्प्ले' द्या. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय. टाइप करताना इंग्रजीत, आणि डिस्प्ले हा शब्द मोठ्या अक्षरांत.) उत्तर 'लोकलहोस्ट:१०.०' असं आलं तर बोगदा, म्हणजे एसएसएचची ती कुलूपबंद वाट, तयार आहे. रिकामं आलं तर वरच्या दोन गोष्टी पुन्हा तपासा. तो १० बघून गडबडू नका. मशीनवरचे खरे डिस्प्ले ० पासून सुरू होतात, त्यांच्याशी टक्कर होऊ नये म्हणून एसएसएच १० पासून मोजायला लागतं. त्यामागं ६०१० नंबरचा पोर्ट असतो आणि तो त्या मशीनच्या आतल्या आतच ऐकतो. मग 'एक्सक्लॉक' चालवा. काट्यांचं घड्याळ तुमच्या विंडोजच्या स्क्रीनवर आलं की झालं. मी नव्या माणसाला नेहमी हेच घड्याळ आधी दाखवते, मोठा प्रोग्राम नंतर.

एक बारकावा मला फार आवडतो. एक्स सर्व्हर ओळख पटवायला १२८ बिटांची एक गुप्त खूण वापरतो, तिला कुकी म्हणतात. एसएसएच तुमची खरी कुकी ऑफिसच्या मशीनला देतच नाही. तिथं खोटी कुकी ठेवतं, आणि प्रोग्राम ती घेऊन बोगद्यातून आला की तुमच्या बाजूला ती तपासून खरी लावतं. ऑफिसच्या मशीनवरून कुणी कुकीची फाइल चोरून नेली तरी तुमच्या लॅपटॉपची किल्ली त्याच्या हाती लागत नाही.

पण ड्रॉइंगांची काळजी तुम्ही खरोखरच करताय, म्हणून इथं जरा थांबते. एन्क्रिप्शन वाटेवरच्या चोराला अडवतं. पलीकडच्या टोकाला बसलेल्याला अडवत नाही.

हे मी शिकत असताना एका सिनियरनं मला दाखवलं. आम्ही दोघं शेजारशेजारच्या लिनक्स मशीनवर होतो आणि मी माझ्यावर 'एक्सहोस्ट +' देऊन ठेवलं होतं, म्हणजे तुमच्या त्या टिकेसारखंच. त्यांनी त्यांच्या मशीनवरून माझ्या डिस्प्लेवर एक्सइनपुट चालवलं आणि म्हणाले, "टर्मिनल उघडून काहीही लिही." मी ए दाबला, त्यांच्या स्क्रीनवर 'की प्रेस ३८' उमटलं. स्पेसबार दाबला, ६५. एंटर, ३६. मग मी पासवर्ड टाकला. माझ्या स्क्रीनवर एक टिंबही दिसलं नाही, आणि त्यांच्याकडं आकड्यांची अख्खी ओळ खाली उतरत गेली. त्यांनी ती पुसली आणि मला म्हणाले, आता पासवर्ड बदल. मी तिथल्या तिथं बदलला. ते आकडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून कुणी ती टिक करायला सांगितलं की मला राहवत नाही.

एक्सच्या जुन्या रचनेत एका स्क्रीनवरचे सगळे प्रोग्राम एकमेकांवर विश्वास ठेवतात. त्यामुळं एसएसएचनं आणलेली खिडकीसुद्धा तुमच्या बाकीच्या एक्स खिडक्यांत डोकावू शकते. विंडोजवर थोडा दिलासा आहे. विंडोजच्या स्वतःच्या खिडक्यांत तुम्ही टाइप केलेलं एक्स सर्व्हरच्या हाती येत नाही. पण व्हीसीएक्सएसआरव्ही क्लिपबोर्ड दोन्हीकडं जोडून ठेवतं. बँकेचा पासवर्ड कॉपी केला असेल तर तो पलीकडच्या प्रोग्रामला वाचता येतो. ऑफिसचं काम चालू असताना क्लिपबोर्डचा तो पर्याय बंद ठेवावा असं माझं मत आहे.

लिनक्सवरून जोडणी करणाऱ्यांसाठी इथंच उणे मोठा एक्स आणि उणे मोठा वाय यांतला फरक येतो. मूळ ओपनएसएसएचमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या एसएसएच प्रोग्राममध्ये) उणे एक्स दिला तर आलेल्या प्रोग्रामला परका समजतात, त्याला दुसऱ्या खिडक्यांतली बटणं ऐकू देत नाहीत आणि २० मिनिटांनी नव्या खिडक्या उघडणं बंद होतं. वाय दिला तर तो घरचाच समजायचा, त्याला सगळं खुलं. उणे एक्सनं काही प्रोग्राम मधेच बंद पडतात, म्हणून सरसकट 'वाय दे' असा सल्ला मिळतो. ज्या मशीनवर तुमचा स्वतःच्या मशीनइतका भरवसा आहे तिथंच वाय द्या. आणि डेबियन किंवा उबुंटूवर असाल तर हे माहीत असू द्या की तिथल्या मूळ सेटिंगमध्ये एक्स दिला तरी वायसारखीच वागणूक मिळते. खरी मर्यादा हवी असेल तर फॉरवर्डएक्स११ट्रस्टेडपुढं 'नो' लिहावं लागतं.

आता वेगाचं आणि जोडणी तुटण्याचं.

जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली होती. मी राजारामपुरीत घरी अडकलेली, युनिट पलीकडं. तिथं वरच्या मजल्यावरचं मशीन जनरेटरवर चालू होतं आणि गिऱ्हाइकाला एक दुरुस्ती हवीच होती. मी एसएसएचनं खिडकी उघडून दोन तास काम केलं. मग माझ्या घरची लाइट गेली, राउटर बंद पडला, आणि लाइट आल्यावर पाहते तर प्रोग्राम नाही. तो ऑफिसच्या मशीनवर चालू होता, तिथली वीज गेली नव्हती, तरीही गेला. कारण त्याची स्क्रीन माझ्याकडं होती. स्क्रीनशी नातं तुटलं की एक्सचा प्रोग्राम तिथल्या तिथं मरतो. सेव्ह न केलेलं सगळं गेलं. रात्री पुन्हा बसून केलं.

तेव्हापासून लांब चालणाऱ्या कामाला मी एक्सप्रा वापरते. ते प्रोग्रामला ऑफिसच्या मशीनवरच एक लपलेली स्क्रीन देतं आणि तुमच्या लॅपटॉपवर तिचं चित्र दाखवतं. जोडणी तुटली तरी प्रोग्राम तिकडं जिवंत राहतो, पुन्हा जोडलं की खिडकी आहे तशी समोर. दोन्हीकडं बसवावं लागतं, विंडोजसाठीही मिळतं, आणि वाट एसएसएचचीच घेता येते. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळं मी तर म्हणेन की तुम्ही शेवटी यावरच याल.

तुमचा प्रोग्राम फ्रीकॅड आहे, म्हणजे त्रिमितीचं मॉडेल फिरवणं आलं. ते साध्या एक्स फॉरवर्डिंगवर जड जातं. वडिलांच्या फोनसारखं 'रेघ ओढ' सांगणारे प्रोग्राम आता कमी राहिलेत. आजचे प्रोग्राम सगळं चित्र स्वतः रंगवतात आणि तयार चित्रच पाठवतात. शिवाय एक्समध्ये दर थोड्या वेळानं विचारणं आणि उत्तराची वाट बघणं चालतं, त्यामुळं लाइन कितीही रुंद असली तरी लांबच्या जोडणीवर खिडकी अडखळते. पुटीत कॉम्प्रेशन चालू केलं तर थोडा फरक पडतो, फार नाही. छोटे प्रोग्राम, फाइल बघणं, सेटिंग बदलणं यासाठी फॉरवर्डिंग उत्तम. मॉडेल फिरवायला एक्सप्रा घ्या, किंवा व्हीएनसी (पलीकडच्या मशीनची अख्खी स्क्रीन दाखवणारी सोय) घ्या पण बोगद्यातून.

बोगद्यातून हे शब्द महत्त्वाचे आहेत. मी सांभाळायला घेतलेल्या एका युनिटमध्ये आधीच्या माणसानं राउटरवर ५९०० पोर्ट थेट उघडून व्हीएनसी लावलं होतं. लॉग उघडला तर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्डचे प्रयत्न, ओळीमागून ओळ, रविवारीसुद्धा. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात आणि चित्र उघडंच जातं. मी पोर्ट बंद केला, व्हीएनसीला फक्त लोकलहोस्टवर ऐकायला लावलं, आणि पुटीच्या टनेल्स पानावर सोर्स पोर्ट ५९०१, डेस्टिनेशन लोकलहोस्ट:५९०१ असं भरून दिलं. मालकांना फरक एवढाच जाणवला की आधी पुटी उघडावी लागते.

एसएसएचचं दारही पक्कं हवं, कारण आता सगळा भार त्यावर आहे. पासवर्डऐवजी किल्ली बनवा. पुटीजेन या पुटीच्या जोडीच्या प्रोग्राममध्ये ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार निवडा आणि किल्लीला पासफ्रेज द्याच, लॅपटॉप चोरीला गेला तर तोच आडवा येईल. किल्लीनं लॉगिन होतंय हे दुसऱ्या खिडकीत तपासल्यावरच मशीनवरचं पासवर्ड लॉगिन बंद करा. पहिली खिडकी तोवर बंद करू नका, नाहीतर चूक झाली तर गोकुळ शिरगावला जाऊनच ती दुरुस्त करावी लागेल. रूट या सगळे अधिकार असलेल्या खात्यानं थेट लॉगिनही बंद.

पहिल्यांदा जोडताना पुटी मशीनच्या खुणेची एक लांब ओळ दाखवून विचारते, हेच मशीन ना? बहुतेकजण न वाचता हो म्हणतात. मी तेव्हा शिफ्टवरच्या सुपरवायझर मामांना फोन लावला, मशीनवर एसएसएच-कीजेन चालवून ती ओळ वाचायला लावली आणि एकेक अक्षर जुळवलं. मामांना आधी नवल वाटलं. मग म्हणाले, "म्हणजे माल घ्यायच्या आधी चलन बघितल्यागत." अगदी तेच. पुढं कधी ही खूण अचानक बदलल्याचा इशारा आला आणि मशीन कुणी नव्यानं बसवलेलं नसेल, तर पासवर्ड किंवा पासफ्रेज काहीही टाकू नका, आधी ऑफिसला फोन करा.

राहता राहिलं घरून ऑफिसच्या मशीनपर्यंत पोचायचं. ऑफिसला स्थिर आयपी असेल तर राउटरवरून फक्त एसएसएचचा पोर्ट त्या मशीनकडं वळवता येतो. नसेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (दोन ठिकाणांमधली खाजगी कुलूपबंद जोडणी) किंवा मधे एखादं भाड्याचं छोटं मशीन लागतं. हे मात्र मालकांना विचारून, त्यांच्या राउटरवाल्याला सोबत घेऊनच करा. ड्रॉइंगं गिऱ्हाइकाची आहेत, वाट कुणी काढली आणि कुणासाठी काढली हे युनिटमध्ये लिहून ठेवलेलं असावं.

आज रात्री एवढंच करा: टिक काढा, फायरवॉलची परवानगी काढा, बॅशआरसीतली ओळ पुसा. उद्या ऑफिसच्या वायफायवर बसून, पुटीतून, एक्सक्लॉक स्क्रीनवर आणा. तिथं जमलं की घरून फक्त पत्ता बदलायचा राहतो. अडलात तर पुटीच्या इव्हेंट लॉगमधल्या ओळी इथं खाली टाका, आयपी आणि युजरचं नाव खोडून. 'एक्स११ फॉरवर्डिंग रिफ्यूज्ड' अशी काही ओळ दिसतेय का ते आधी बघा.